मुलांचा न्यूमोनिया आणि कॉटजवळ होणारी छातीची सोनोग्राफी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या मध्यापासून थंडी संपेपर्यंत आमचा बालविभाग खोकल्याच्या आवाजानं भरलेला असतो. गेली काही वर्षं आम्ही दम लागलेल्या मुलाला एक्स-रेच्या खोलीत पाठवण्याआधी त्याच्या कॉटजवळच छातीची सोनोग्राफी करतो. ते पाहिलं की पालकांना प्रश्न पडतात, आणि ते पडायलाच हवेत. खालचे बहुतेक प्रश्न आई-वडिलांचे आणि आजी-आजोबांचे आहेत. दोन-तीन नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांचे आहेत. मी बालरोगतज्ज्ञ आहे, रेडिओलॉजिस्ट नाही. त्यामुळे ही उत्तरं आजारी मुलाच्या कॉटजवळून दिलेली आहेत.

सोनोग्राफी तर पोटाची करतात. छातीत हवा असते, मग तिथं दिसणार काय?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजी विचारतात, आणि अगदी बरोबर विचारतात. सोनोग्राफीत आपण शरीरात ध्वनिलहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून चित्र तयार होतं. हवा लागली की या लहरी जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या माघारी फिरतात, त्यामुळे हवेमागचं काही दिसत नाही. म्हणूनच बरीच वर्षं फुप्फुस हा सोनोग्राफीचा प्रांत नाही असं मानलं जायचं.

फ्रान्समधले अतिदक्षता विभागाचे डॉक्टर डॅनियल लिश्टेनश्टाइन यांनी १९९०च्या दशकापासून चिकाटीनं दाखवून दिलं की त्या माघारी फिरणाऱ्या लहरींनाही अर्थ असतो. निरोगी फुप्फुस एका ठरावीक प्रकारे लहरी परत पाठवतं, पाणी धरलेलं फुप्फुस वेगळ्या प्रकारे. आणि न्यूमोनियात हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पू आणि द्रव भरतो. हवा हटली की लहरी आत शिरतात आणि फुप्फुसाचा तो भाग चक्क दिसू लागतो. श्वास अचानक बिघडलेल्या मोठ्या रुग्णांसाठी त्यांनी आखलेली तपासणीची पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान मुलांच्या न्यूमोनियावरचे इटलीतले सुरुवातीचे अभ्यासही त्याच सुमाराचे आहेत.

मुलांमध्ये हे चित्र मोठ्यांपेक्षा स्वच्छ येतं. छातीची भिंत पातळ, चरबी कमी, बरगड्यांची टोकं अजून कूर्चेची. फुप्फुसही लहान, त्यामुळे प्रोबपासून, म्हणजे मशीनचा जो भाग अंगावर टेकवतात त्यापासून, फार खोल असं काही नसतंच.

बाळाला काय करणार? उपाशी ठेवायचं का? टोचणार का?

उपाशी ठेवायचं नाही, काही टोचायचं नाही, झोपेचं औषधही नाही.

आमच्याकडे जेलची बाटली आधी कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करून ठेवतात. गार जेल पाठीला लागलं की बाळ दचकतं, आणि एकदा दचकलेलं बाळ पुढची दहा मिनिटं कुणालाच हात लावू देत नाही. आईनं खुर्चीत बसायचं आणि ढेकर काढायला घेतो तसं बाळाला खांद्यावर घ्यायचं. मी मागून पाठीपासून सुरुवात करते. बाळाला माझा चेहरा दिसत नाही, आईचा वास आणि आवाज असतो. अर्ध्याहून अधिक तपासणी तिथंच, फारशी रडारड न होता उरकते. मग कुशीवर काखेखालची बाजू, आणि शेवटी समोरून. प्रत्येक बाजूला पुढून, बाजूनं आणि मागून, वर आणि खाली असे सहा भाग, म्हणजे दोन्ही मिळून बारा. सरावलेल्या हाताला पाच-दहा मिनिटं पुरतात.

अंगावर पिऊ घातलं तरी चालतं. मोबाइलवर बडबडगीतं लावली तरी चालतं. ऑक्सिजन चालू असेल तर तो काढायचा नाही, आणि माझ्या मते या तपासणीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. नव्वदच्या आसपास ऑक्सिजन असलेल्या मुलाला नळी काढून, कडेवर घेऊन, व्हरांडा ओलांडून एक्स-रेला न्यायचं, तिथं दोघांनी धरून ठेवायचं, हे सगळं मी वर्षानुवर्षं पाहिलंय आणि त्या मुलांची परत येतानाची निळसर जीभही पाहिली आहे.

रडलं तर चित्र बिघडतं का?

रडण्यानं नाही, हातपाय झाडण्यानं बिघडतं. रडताना मूल खोल श्वास घेतं, ते कधीकधी उपयोगीच पडतं.

पडद्यावर तुम्ही नेमकं काय बघता? आम्हाला तर सगळं करडंच दिसतं.

पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा, त्यात संकोच नको. वर दोन बरगड्या दिसतात, त्यांच्याखाली काळी सावली. त्या दोघींच्या मध्ये, थोडी खाली, एक चकचकीत पांढरी आडवी रेघ असते. ती फुप्फुसाच्या आवरणाची, म्हणजे प्लूराची. मूल श्वास घेतं तशी ती रेघ मागेपुढे सरकते, वाऱ्यावर पडद्याची कड उंबऱ्यावरून घासत जावी तशी. ही सरकणारी रेघ दिसली की त्या जागी फुप्फुस छातीच्या भिंतीला लागून आहे आणि हलतंय एवढं नक्की.

त्या रेघेखाली सारख्या अंतरावर आडव्या फिकट रेघा दिसल्या तर त्यांना ए-रेषा म्हणतात. त्या पहिल्या रेघेचेच पडसाद असतात, आणि रेघ सरकत असेल तर खाली हवा भरलेलं फुप्फुस आहे असं सांगतात. याउलट रेघेपासून थेट पडद्याच्या तळापर्यंत उभे पांढरे झोत उतरत असतील तर त्या बी-रेषा. एखाददुसरी बी-रेषा निरोगी मुलातही दिसते. दोन बरगड्यांमधल्या एकाच फटीत तीन किंवा अधिक असतील तर तिथल्या फुप्फुसात ओल वाढली आहे असं समजतो. ओल कशामुळे, ते मात्र रेषा सांगत नाही. सूज, विषाणूचा संसर्ग, हृदयाच्या आजारानं साचलेलं पाणी, कशानंही होऊ शकते.

आणि न्यूमोनियाशी खरी गाठ पडते तेव्हा चित्रच बदलतं. पांढरी रेघ तुटते, तिच्याखाली यकृतासारखा भरीव, करडा तुकडा दिसतो. त्याची खालची कड फाटलेल्या कापडासारखी वेडीवाकडी असते. त्या करड्या भागात पांढरे ठिपके आणि फांद्या चमकतात, त्या श्वासनलिकेत उरलेल्या हवेच्या. मूल श्वास घेताना हे ठिपके पुढे-मागे पळताना दिसले तर नळी मोकळी आहे, म्हणजे न्यूमोनियाची शक्यता जास्त. ठिपके जागच्या जागी थिजलेले असतील तर नळी कफानं किंवा आणखी कशानं बुजून तो भाग नुसता मिटलेला असू शकतो. ही पळणारी हवा एक्स-रेत कधीच दिसत नाही, कारण एक्स-रे स्थिर असतो.

एका वडिलांनी हे ठिपके पाहून विचारलं, "हा त्याचा श्वास आहे का?" हो, तो श्वासच होता.

एक्स-रेपेक्षा ही तपासणी चांगली आहे असं कशावरून?

२०१५ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात आठ अभ्यासांचा, एकूण ७६५ मुलांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ९६ मुलांत सोनोग्राफीनं तो पकडला, आणि नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९३ जणांत 'नाही' असं बरोबर सांगितलं. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तातडीच्या विभागातला अभ्यास आला. १९१ मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागली होती. ज्या गटात सोनोग्राफी आधी केली तिथं एक्स-रे सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि त्यापायी एकही न्यूमोनिया सुटला नाही.

हे आकडे मला आश्वासक वाटतात, पण ते वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सोनोग्राफी जितकी मशीनची तितकीच हाताची तपासणी आहे. न्यूयॉर्कच्या त्याच अभ्यासात सरावलेल्या डॉक्टरांकडे एक्स-रे जास्त वाचले, नवख्यांकडे कमी. मशीन घेतलं म्हणून आकडे आपोआप मिळत नाहीत.

मग आता एक्स-रे लागतच नाही का?

लागतो. सोनोग्राफीला फक्त प्लूराला येऊन भिडलेला आजार दिसतो. मुलांमधला बहुतेक न्यूमोनिया तिथवर पोचलेला असतो हे आपलं नशीब, पण छातीच्या मध्याजवळ, मुळाशी दडलेला छोटासा भाग आणि प्रोब यांच्यामध्ये हवा असेल तर तो दिसत नाही. खांद्याच्या फऱ्यामागचा भागही अवघड, तिथं हात वर करायला लावून फरा सरकवावा लागतो. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं, हृदयाचा आकार, छातीच्या मध्यातल्या गाठी आणि हाडं एका नजरेत येतात.

आम्ही एक्स-रे कधी काढतो? सोनोग्राफी आणि मूल यांचं जुळत नसेल तेव्हा, अचानक गुदमरल्याची हकीगत असेल तेव्हा, टीबीची शंका असेल तेव्हा, उपचार चालू असून मूल सुधारत नसेल तेव्हा, आणि छातीत नळी टाकल्यावर ती कुठं आहे हे बघायला. उलट बाजूही सांगते. ज्या मुलाला साधा न्यूमोनिया आहे, खातंय-पितंय, घरी औषध घेऊन बरं होणार आहे, त्याला एक्स-रेची गरज नसते हे अमेरिकेतल्या बालसंसर्गतज्ज्ञांनी २०११च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलं आहे. अशा मुलाला केवळ मशीन आहे म्हणून सोनोग्राफीचीही गरज नसते.

न्यूमोनिया आहे की नाही, हे सोनोग्राफीवरूनच ठरतं ना?

नाही. या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

न्यूमोनिया आधी मुलाकडे बघून ओळखायचा. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना अंगावरचं झबलं वर करायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष असे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला घरी 'पोट उडतंय' म्हणतात, तर आजार वाढलेला आहे. मग बोटाला ऑक्सिमीटर. सोनोग्राफीचा क्रमांक त्यानंतर.

आपल्या महाराष्ट्रानं हे जगाला दाखवून दिलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या कमी शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. श्वास मोजायला मण्यांचं आणि एक मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचं साधं उपकरण बनवलं. त्यातून न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू घटले, आणि तो अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तिथं एक्स-रे नव्हता आणि सोनोग्राफीही नव्हती. २०१९ मध्ये जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं गेली. त्यातल्या बहुतेकांना वाचवायला प्रोब नव्हे, वेळेत मोजलेला श्वास, स्वस्त औषध आणि ऑक्सिजन पुरला असता.

म्हणून आमच्या वॉर्डात नवा डॉक्टर प्रोब हातात घेतो तेव्हा माझा पहिला प्रश्न एकच असतो: श्वास किती मोजलास?

हा संसर्ग विषाणूचा आहे की जिवाणूचा, ते कळतं का? अँटिबायोटिक लागेल का?

अंदाज येतो, खात्री मिळत नाही. मोठा, एकाच बाजूचा भरीव भाग, आत पळणारी हवा, बाजूला थोडं पाणी आणि मूल तापानं फणफणलेलं, तर जिवाणूकडे कल जातो. दोन्ही बाजूंना विखुरलेल्या बी-रेषा आणि प्लूराला लागून तांदळाच्या दाण्याएवढे खडबडीत ठिपके असतील तर ते बहुधा विषाणूचं काम. थंडीत सहा-आठ महिन्यांच्या बाळांना आरएसव्ही विषाणूनं ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज, होतो तेव्हा अगदी असंच दिसतं. नाक वाहतंय, घरघर आहे, दोन दिवसांत दम वाढला, दूध कमी झालं. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. नाक मोकळं करणं, थोडं थोडं पाजणं, गरज पडली तर ऑक्सिजन, एवढ्यावर बाळ सावरतं.

इथं मला काळजी वाटते ती वेगळीच. सोनोग्राफी इतकी बारीक दाखवते की एक सेंटीमीटरहून लहान ठिपकेही दिसतात, जे एक्स-रेत कधी दिसले नसते. ते दिसले, रिपोर्टवर 'न्यूमोनिया' लिहिलं गेलं आणि सलाईनमधून महागडं अँटिबायोटिक सुरू झालं, असं घडताना मी पाहिलं आहे. एक सेंटीमीटरपेक्षा लहान भागावर एकट्यावर विसंबू नये, असं मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. रिपोर्टमध्ये 'छोटा सबप्लूरल भाग' (प्लूराच्या लगत खाली असलेला) एवढंच असेल आणि मूल खेळत असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा की अँटिबायोटिक कशासाठी. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

"फुप्फुसात पाणी झालंय" म्हणाले. ते पाणी आहे की पू? नळी घालावीच लागेल का?

या प्रश्नात सोनोग्राफीचं पारडं निर्विवाद जड आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पाणी फुप्फुसात नसतं, फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधल्या फटीत असतं. एक्स-रेत तो सगळा भाग पांढरा दिसतो. आत किती पाणी, किती भरीव फुप्फुस, पाणी पातळ की घट्ट, यातलं फारसं काही कळत नाही. सोनोग्राफीत पातळ पाणी निव्वळ काळं दिसतं आणि त्यात फुप्फुसाचं टोक श्वासाबरोबर हलत असतं. दोन-तीन दिवसांनी तेच पाणी दाटू लागतं. आत बारीक कण तरंगतात, मग धागे दिसतात, आणि शेवटी जुन्या माळ्यावर जळमटं लागावीत तसे कप्पे तयार होतात. हे धागे फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचे. ते सीटी स्कॅनपेक्षाही सोनोग्राफीत जास्त स्पष्ट दिसतात, हे पालकांना खरं वाटत नाही, पण तसंच आहे.

उपचार यावरच ठरतात. थोडंसं पातळ पाणी असेल, मूल सावरत असेल तर नुसत्या औषधानं जिरतं. पाणी जास्त असेल, ताप उतरत नसेल, दम वाढत असेल तर नळी. जळमटं धरली असतील तर नळीतून ती विरघळवणारं औषध सोडतात किंवा दुर्बिणीतून छाती साफ करतात. नळी कुठं टाकायची ती जागाही आधी सोनोग्राफीनं पाहून खूण करतो, म्हणजे नेम यकृतावर किंवा प्लीहेवर जात नाही.

साडेचार वर्षांचा एक मुलगा आठवतो. बाहेर पाच दिवस इंजेक्शनं झालेली, ताप हटत नव्हता. तो डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, सरळ करायला गेलं की ओरडायचा. प्रोब डाव्या पाठीवर ठेवला तर खालचा सगळा भाग कप्प्याकप्प्यांचा. संध्याकाळी नळी टाकली. पाण्याच्या बाटलीत पहिल्यांदा पिवळट घट्ट पू आला तेव्हा त्याची आई तोंडावर पदर धरून रडली, आणि तो मात्र तासाभरानं उताणा झोपला. पुढचे दिवस रोज सकाळी सोनोग्राफी करून कप्पे कसे मोकळे होतात ते तिला दाखवत होतो. चौथ्या दिवशी तिनंच पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "काल इथं जाळी होती."

टीबी यात दिसतो का?

यावर भरवसा ठेवू नका. मुलांच्या टीबीत छातीच्या मधल्या गाठी महत्त्वाच्या असतात. त्यांच्यासाठी एक्स-रे, आणि निदानासाठी थुंकी किंवा सकाळी उपाशीपोटी जठरातून काढलेल्या द्रवाची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी) तपासणी लागते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, वजन न वाढणं, घरात कुणाला टीबी, यातलं काहीही असेल तर ते आवर्जून सांगा.

शेंगदाणा खाताना ठसका लागला होता. सोनोग्राफी नॉर्मल आली. काळजी मिटली ना?

नाही. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा, हरभरा किंवा सीताफळाची बी सोनोग्राफीत दिसत नाही, आणि बऱ्याचदा एक्स-रेतही नाही. खाताना किंवा खेळताना अचानक ठसका, मग खोकला किंवा एका बाजूची घरघर अशी हकीगत असेल तर दुर्बिणीनं श्वासनलिका तपासावी लागते. ती हकीगत कोणत्याही चित्रापेक्षा मोलाची आहे.

सोनोग्राफी चुकू शकते का?

हो. माझ्याकडूनही चुकली आहे. शिकत होते तेव्हा पाच महिन्यांच्या एका मुलीच्या छातीत समोरून, वर, मला भरीव करडा भाग दिसला. मी न्यूमोनिया लिहून मोकळी झाले आणि अँटिबायोटिकचा डोसही ठरवला. वरिष्ठांनी प्रोब हातात घेतला, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "हा थायमस आहे. प्रत्येक बाळात असतो." थायमस ही तान्ह्या बाळांच्या छातीत वरच्या बाजूला असणारी ग्रंथी. तिच्यात पळणारी हवा नसते, कड गुळगुळीत असते, आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर ती थोडी दबते. त्या दिवसापासून तान्ह्या बाळाच्या समोरच्या भागात काही भरीव दिसलं की मी आधी ते थायमस नाही ना, हे तपासते.

डाव्या बाजूला खाली प्लीहा आणि हवा-दूध भरलेलं जठरही नवख्याला फसवतं. श्वासपटल कुठं आहे ते आधी शोधायचं, मग वर जायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

रोज सोनोग्राफी करणं सुरक्षित आहे का?

यात क्ष-किरण नाहीत. एका एक्स-रेचा मारा तसा अगदी कमी, निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतो तेवढाच, त्यामुळे गरजेच्या एक्स-रेला घाबरायचं कारण नाही. पण पाणी किंवा पू असलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा पाहावं लागतं, तिथं सोनोग्राफी सोयीची. साध्या न्यूमोनियातून मूल बरं होत असेल तर रोज बघण्याची गरज नाही. फुप्फुसावरचे डाग मूल खेळायला लागल्यावरही काही आठवडे दिसू शकतात, आणि ते पाहून उगाच औषध वाढवलं जातं.

प्रोब मात्र प्रत्येक मुलानंतर पुसून निर्जंतुक व्हायला हवा. तुमच्यासमोर पुसला नसेल तर सांगा.

इतकं छोटं मशीन आहे, तर डॉक्टर ते घेऊन घरी का येत नाहीत? आणि छाती तपासायलाही तो 'गर्भलिंग निदान केले जात नाही'चा फलक कशाला?

कारण मशीन तेच आहे. जो यंत्रसंच छाती दाखवतो तोच पोटातलं बाळही दाखवू शकतो. गर्भलिंगनिदानावर बंदी आणणारा कायदा देशात सर्वात आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. त्यानंतर १९९४चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. नोंदणी नसलेल्या जागेला सोनोग्राफी मशीन विकताही येत नाही. फिरतं मशीन नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येतं, खांद्याला अडकवून गावोगाव नेता येत नाही.

काही सहकारी यावर चिडतात. बालरोगतज्ज्ञाला छाती तपासायला एवढी कागदपत्रं कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि त्या त्रासाची मला कल्पना आहे. पण ज्या राज्यात मुली जन्माआधीच नाहीशा होत होत्या तिथं हा कायदा का झाला, हे मी विसरू शकत नाही. नोंदणीचा त्रास मला मान्य आहे. गरोदर स्त्रियांसाठी भरायचा एफ फॉर्म तुमच्या मुलाच्या छातीच्या तपासणीला लागत नाही.

न्यूमोनिया होऊच नये म्हणून काय?

लशी वेळेवर द्या. पेंटाव्हॅलेंटमध्ये हिब जिवाणूविरुद्धची लस असते. न्यूमोकॉकसची लस, पीसीव्ही, सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ पासून देशभर मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, तीही मोफत. गोवराची लस चुकवू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि बाळाच्या खोलीत चुलीचा, विडी-सिगारेटचा धूर नको.

आमच्या तालुक्याला ही सोय नाही. मुलाला घेऊन शहरात जावं का?

फक्त सोनोग्राफीसाठी, नाही. श्वास मोजणारे, ऑक्सिमीटर लावणारे आणि ऑक्सिजनची सोय असलेले डॉक्टर जवळ असतील तर उपचार तिथंच सुरू होऊ द्या. बहुतेक मुलं तेवढ्यावर बरी होतात.

पण मूल पीत नसेल, प्यायलेलं सगळं उलटत असेल, झटके आले असतील, हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वासाबरोबर कण्हत असेल, पोट उडत असेल, ओठ-जीभ निळसर दिसत असेल, किंवा दोन-तीन दिवस औषध देऊनही ताप आणि दम तसाच असेल, तर थांबू नका. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसता श्वास जलद असला तरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि गाडीत ऑक्सिजन आहे का ते आधी विचारा. वाटेत मुलाला आडवं निजवण्यापेक्षा मांडीवर टेकवून बसतं ठेवा, नाक मोकळं ठेवा, अंगावर घट्ट दुपटं गुंडाळू नका. आधीची औषधं आणि चिठ्ठ्या सोबत घ्या. श्वास किती मोजले आणि किती वाजता, तेही एका चिठ्ठीवर लिहून आणा.